प्रमाणपत्र सासरी, सिस्टर माहेरी

कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात बायकांची बैठक होती. हळदीची काढणी उरकली होती म्हणून बायका बऱ्यापैकी जमल्या होत्या. विषय होता दवाखान्यात आपल्याला मिळणारी वागणूक. सुरुवातीला कोणी बोलेना. मग एका शेतमजूर बाईने पदर बाजूला करून दंड दाखवला. तिथे बोटभर लांबीचा व्रण होता.

"सुई दिली त्या पोरीनं. गाठ झाली, पू झाला, मग दुसऱ्या दवाखान्यात जाऊन चिरा द्यावा लागला. पंधरा दिवस रोज बुडाला."

"सुई देणारी नर्स होती का?" मी विचारलं.

"पांढरा कोट होता बाई अंगात. आमाला काय कळतंय?"

मागे भिंतीला टेकून एक बाई बसली होती. तिला गावात सगळेच सिस्टर म्हणतात, तिची आईसुद्धा. ती म्हणाली, "त्या पोरीकडं कागदच नसंल ताई. मह्याकडं कागद होता, पर तो मेला."

"मेला म्हणजे?"

"रिन्यू न्हाई केला. आता मी नर्स हाय का न्हाई, मलाच ठावं न्हाई."

मैत्रिणींनो, एकाच बैठकीत या दोन तक्रारी एकापाठोपाठ आल्या आणि मी गप्प झाले. कारण वरवर पाहता त्या एकमेकींच्या विरोधात जातात. पहिली म्हणते, ज्या हाताला कागद नाही त्या हातात सुई देऊ नका. दुसरी म्हणते, एका कागदापायी माझं शिकलेलं काम माझ्याकडून काढून घेऊ नका. दोघीही आपल्याच. एकीची बाजू घेतली की दुसरीला आपण वाऱ्यावर सोडतो. हा लेख त्या पेचातून निघाला आहे.

सिस्टरची गोष्ट

सिस्टर एएनएम झाली तेव्हा तो अभ्यासक्रम दीड वर्षाचा होता. तिच्या वडिलांनी एक एकर जमीन गहाण टाकून तिला शिकवलं. मुंबईच्या परिषदेत नोंदणी झाली, प्रमाणपत्र आलं, ते काचेत बसवून ओसरीत लावलं. दोन वर्षं तिने नोकरी केली. मग लग्न ठरलं. "नोकरीवाली सून पाहिजे" म्हणून ठरलं आणि लग्नानंतर महिन्याभरात "आमच्या घरच्या बाया रात्रपाळी करत न्हाईत" यावर येऊन थांबलं. प्रमाणपत्र काचेतून निघून सासरच्या लोखंडी पेटीत गेलं. त्या पेटीची किल्ली सासूच्या कमरेला.

नऊ वर्षं गेली. दोन बाळंतपणं, एक गर्भपात, आणि शेवटी नवऱ्याने दुसरी बाई आणली. सिस्टर दोन लेकरांना घेऊन माहेरी आली. अंगावरच्या लुगड्यानिशी येणं म्हणजे काय हे आपल्या चळवळीला नव्याने सांगायला नको. भांडी, दागिने, अंथरूण सगळं तिकडेच राहिलं. तिचं प्रमाणपत्रही तिकडेच राहिलं.

तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात ती काम मागायला गेली. तिथे विचारलं, नोंदणी चालू आहे का? नाही. मूळ कागद आहे का? तोही नाही. "मग तुला आया म्हणून घेतो," असं सांगण्यात आलं. पगार आयाचा ठरला. आता यातली गोम पाहा. पहिल्याच आठवड्यात तिला रात्रपाळी लागली. रात्री डॉक्टर वरच्या मजल्यावर घरी. खाली सलाइन लावणं, इंजेक्शन देणं, कळा आलेल्या बाईला तपासणं, बाळ आल्यावर नाळ कापणं ही सगळी कामं ही आयाच करत होती. दवाखान्याच्या फाइलीत दुसऱ्याच कोणाच्या नोंदणीची झेरॉक्स लावलेली होती. ती नर्स त्या वॉर्डात कधी कोणी पाहिलेली नव्हती.

म्हणजे नोंदणी संपली तेव्हा सिस्टरचं काम बंद झालं नाही. बंद झाला तो तिचा दर्जा आणि तिचा पगार. आणि उद्या काही बरंवाईट घडलंच असतं तर "ती आमच्याकडे आया होती, तिने हात लावायलाच नको होता" असं म्हणायला दवाखाना मोकळा होता. नूतनीकरणाच्या नियमाने तिथल्या रुग्ण बाईचं रक्षण तसूभर झालं नाही. फायदा झाला तो मालकाचा.

नियम काय आहे

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या राज्यात नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ या कायद्याखाली होते आणि ती महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. मराठवाडा त्याआधी निजामाच्या राज्यात होता, मुंबई इलाख्याचे कायदे वेगळे होते. राज्यभर एकच कायदा असावा म्हणून हा १९६६ चा कायदा झाला. त्याच्याही वर देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. नोंदणी एकदा केली की जन्मभराची झाली असं नाही. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी फी भरावी लागते, मुदत टळली तर वर आणखी भरावी लागते. शिवाय या पाच वर्षांत आपण काही नवं शिकलो याचा पुरावा द्यावा लागतो. भारतीय परिचर्या परिषदेने त्यासाठी पाच वर्षांत १५० तासांच्या शिक्षणाचं मान ठरवलं आहे.

डॉक्टरांनाही असाच नियम आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांसाठी पाच वर्षांत किमान ३० तास सांगितले आहेत.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून जरा बघा. डॉक्टरला ३० तास, नर्सला १५०. मी हे नर्सचे तास कमी करा म्हणून सांगत नाही. बाळंतिणीजवळ रात्रभर कोण असतं हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा तिने शिकत राहावं हे योग्यच आहे. पण ज्याचं उत्पन्न मोठं, ज्याचा दवाखाना स्वतःचा, जो आपली वेळ आपण ठरवतो, त्याला तीस तास. आणि जिला एका रात्रीची सुट्टी मागायला दहा वेळा विचार करावा लागतो तिला दीडशे, हे ठरवताना तिचे तास कुठून येणार याचा विचार कोणी केला होता का, एवढंच माझं विचारणं आहे.

कागद हवा की नको?

इथे आपल्याच काही कार्यकर्त्या मला म्हणाल्या, "जाऊ दे गं हे कागद. सुईणी काय कागद घेऊन बाळंतपणं करत होत्या? अनुभव हाच खरा." मीही पूर्वी असंच बोलायची. नांदेडला एमएसडब्ल्यू करताना आम्ही तज्ज्ञांच्या मक्तेदारीवर तावातावाने वाद घालायचो. आता दहा-बारा वर्षं गावात काढल्यावर मी एवढ्या सहज तसं म्हणू शकत नाही. दंडावरचा तो व्रण मी पाहिला आहे. कागद नसलेल्या पोरी कोणत्या घरच्या बायकांना सुया टोचतात? पैसेवाल्यांच्या नाही. ते नांदेडला जातात, छत्रपती संभाजीनगरला जातात. शिकाऊ हाताखाली येते ती रोजंदारीवरची बाई. नोंदणी म्हणजे त्या बाईला मिळालेला एक हक्क आहे: माझ्या अंगाला हात लावणारी शिकलेली आहे का, हे विचारण्याचा हक्क. तो सोडून देणं म्हणजे पुरोगामीपणा नव्हे.

आणि पांढरा कोट घातलेली ती पोरगी? बारावी झालेली, महिना तीन-चार हजारांवर राबणारी. तिला कोणी शिकवलं नाही, फक्त उभं केलं. तिच्या नावाने बोटं मोडून आपण मोकळ्या होऊ शकत नाही.

सतत शिकण्याच्या अटीबद्दलही माझं मत एका रात्रीने पक्कं झालं. सिस्टर तास जमवायला नांदेडला एका कार्यशाळेला गेली होती. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हा विषय होता. परत आली ती वेगळीच होऊन. मला म्हणाली, "ताई, इतकी वर्षं मी डोळ्यानं अंदाज करायची. डोळ्याला रक्त कमीच दिसतं. कपडे वजन करून बघावे लागतात." त्यानंतर दोनेक महिन्यांनी रात्रपाळीला एक बाळंतीण होती. बाळ झालं, वार पडली, सगळं ठीक म्हणून घरचे चहाला गेले. सिस्टरने भिजलेले कपडे काट्यावर ठेवले. आकडा बघून तिने डॉक्टरांना उठवलं, पोट चोळायला घेतलं, औषध चालू केलं आणि १०८ ला फोन लावायला लावला. बाई जिल्हा रुग्णालयात पोचली, रक्त चढलं, वाचली. सिस्टर सांगते, कार्यशाळेला गेले नसते तर मी सकाळपर्यंत वाट बघितली असती.

म्हणून माझं म्हणणं स्वच्छ आहे. नोंदणी हवी. नूतनीकरण हवं. शिकणंही हवं. वाद आहे तो एवढाच की याची किंमत कोण मोजतं.

किंमत कोण मोजतं?

सिस्टरकडे एक वही आहे. तिच्यात तिने नूतनीकरणाचा खर्च लिहून ठेवला आहे. मला वाटत होतं परिषदेची फी हाच मोठा आकडा असेल. फी पगार बघून ठरत नाही, त्यामुळे ती तिला जड जातेच. पण वहीत फीपेक्षा मोठे आकडे दुसरेच होते. कार्यशाळेचं नाव नोंदवायचे पैसे. एसटीचं तिकीट, २०२३ पासून बायकांना अर्ध्या दरात झालं तेवढाच दिलासा. फोटो, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्राचा खर्च. अर्ज आता संगणकावर भरायचा, म्हणून सेतूवाल्या पोराला दिलेले पैसे. आणि सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात खाली: "खाडे". ज्या ज्या दिवशी ती शिकायला गेली त्या त्या दिवसाचा पगार कापला गेला होता. आदल्या रात्री ड्यूटी करून, सकाळच्या गाडीने जाऊन, दिवसभर बसून, रात्री परत ड्यूटीवर, असंही तिने दोनदा केलं. लेकरं आजीकडे. आजीला दम्याचा त्रास.

हिशेब करून बघा. दिवसाला सहा तास धरले तर १५० तास म्हणजे पंचवीस दिवस. पाच वर्षांत पंचवीस, म्हणजे वर्षाला पाच दिवस. वर्षाला पाच दिवस भरपगारी सुट्टी दिली तर कोणता दवाखाना बुडणार आहे? एवढी साधी गोष्ट आहे. पण ती मालकाच्या गळ्यात न पडता नर्सच्या गळ्यात पडली, कारण नोंदणी तिच्या नावाची. परवाना तिचा, म्हणून खर्च तिचा. त्या परवान्याच्या जोरावर मात्र दवाखान्याची नोंदणी चालते. महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली दवाखाना चालवायचा तर पात्र परिचारिका असणं ही अट आहे. म्हणजे तिच्या कागदावर त्याचा धंदा उभा आहे, आणि कागद जिवंत ठेवायचा खर्च तिने सोसायचा.

याच संदर्भात बाहेरच्या देशातलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट नावाचा व्यवसाय आहे, डॉक्टरांचे प्रशिक्षित सहायक. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात त्याचा पहिला वर्ग सुरू झाला. नौदलात जखमींची सेवा केलेल्या माणसांना शिकवून त्यांना डॉक्टरांच्या हाताखाली उभं करावं ही त्यामागची कल्पना. या सहायकांचं राष्ट्रीय प्रमाणपत्र टिकवायचं तर दर दोन वर्षांनी १०० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. आपल्या नर्सपेक्षा कितीतरी जास्त. पण तिथे नोकरीच्या करारातच शिक्षणासाठी भरपगारी रजा आणि खर्चासाठी ठरावीक रक्कम लिहून घेण्याची रीत आहे. नियम कडक आहे, पण त्याचा भार नोकरी देणाराही उचलतो. सगळं तिथलं चांगलं असं मला म्हणायचं नाही. त्यांचा आणि आपला पगार, पाया सगळंच वेगळं. पण कडक नियम आणि न्याय्य नियम एकत्र असू शकतात हे यावरून कळतं.

आता हे का बोलायचं

फिजिशियन असिस्टंट आपल्याकडेही १९९० च्या दशकापासून आहेत, पहिला अभ्यासक्रम १९९२ साली मद्रासला निघाला. पण ते मोठ्या शहरांतल्या मोठ्या इस्पितळांत. आपल्या जिल्ह्यात ही जागा कोण भरतं? खासगीत एएनएम, आणि आया म्हणून नेमलेल्या नर्स. सरकारी उपकेंद्रांत गेल्या काही वर्षांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये डॉक्टर नसलेल्या अशा आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मधली ही फळी वाढत जाणार, आणि तिच्यात बायका मोठ्या संख्येने असणार.

२०२१ साली संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात दहा गटांत मिळून पन्नासहून जास्त व्यवसाय आहेत. फिजिशियन असोसिएट त्यात आहेत. लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आहेत. एचआयव्ही आणि कुटुंबनियोजनाच्या समुपदेशक आहेत. आणि मैत्रिणींनो, वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्याही आहेत, म्हणजे माझ्याच पदवीच्या माझ्या मैत्रिणी. या सगळ्यांची नावं राज्याच्या नोंदवहीत चढायची आहेत. २०२३ साली नर्स आणि सुईणींसाठीही नवा राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा झाला, १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी.

नवे कायदे आले की त्यांच्या मागून नियम येतात. फी किती, मुदत किती, तास किती, खंड पडला तर काय, हे नियमांत ठरतं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एक माणूस असतो: शिकला, नोकरीला लागला, निवृत्तीपर्यंत न थांबता काम करत राहिला. त्याचं नाव कधी बदललं नाही, घर बदललं ते स्वतःच्या मर्जीने, आणि त्याची प्रमाणपत्रं त्याच्याच कपाटात राहिली. आपल्या बायकांचं आयुष्य असं सरळ जात नाही. लग्नाने नाव बदलतं. बाळंतपणाने खंड पडतो. टाकून दिलं की कागद दुसऱ्याच्या पेटीत राहतो. "मुदतीत नूतनीकरण न केल्यास" हे शब्द कागदावर सगळ्यांना सारखे असतात, पण मुदत चुकण्याची कारणं सारखी नसतात.

पेटी उघडली तेव्हा

सिस्टरच्या कागदाचं पुढे काय झालं ते सांगते, कारण ते तुमच्याही कामाला येईल. आम्ही तिची केस कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेली. आमच्या नेहमीच्या यादीत आम्ही लिहिलं होतं: भांडी, दागिने, शिलाई मशीन. सिस्टर म्हणाली, "भांडी राहू द्या. मला मह्या सर्टिफिकेट पाहिजेत." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या कायद्याच्या कलम १९ पोटकलम ८ मध्ये स्त्रीधनाबरोबरच बाईच्या हक्काची इतर मालमत्ता आणि मौल्यवान दस्त परत करण्याचा आदेश न्यायाधीश देऊ शकतात. बाईच्या शिक्षणाची प्रमाणपत्रं तिच्या हक्काची नाहीत असं कोण म्हणेल? आम्ही अर्जात ती पहिल्या क्रमांकावर लिहिली. नोटीस गेली. तारीख पडायच्या आधीच दीर पिशवीत घालून कागद देऊन गेला. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, नाव आणि नंबर शाबूत होते.

इतकी वर्षं आम्ही समुपदेशनाचं काम करतोय. किती जणींच्या याद्या केल्या असतील! त्यात प्रमाणपत्र एकदाही लिहिलं नव्हतं. ही आमची चूक. नवऱ्याच्या घरातून बाई बाहेर पडते तेव्हा तिला भांड्यांपेक्षा आधी पोट भरायचं साधन लागतं, आणि शिकलेल्या बाईचं साधन कागदाच्या रूपात असतं.

आपण काय मागायचं

पहिलं, शिकण्याचे तास हे कामाचे तास धरले जावेत. वर्षाला पाच दिवस, भरपगारी. नूतनीकरणाची फी नोकरी देणाऱ्याने भरावी, खासगी दवाखान्यानेही आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत शासनानेही.

दुसरं, शिक्षण जिल्ह्यातच मिळावं. हिंगोलीत जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. तिथे महिन्यातून एक दिवस खासगी दवाखान्यांतल्या नर्ससाठी मोफत वर्ग का होऊ नये? सेनगाव, औंढा, वसमतच्या बाईला तास जमवायला दुसरा जिल्हा गाठावा लागू नये.

तिसरं, बाळंतपण, आजारपण, लेकरांचं संगोपन किंवा घरातल्या छळामुळे खंड पडला असेल तर उशिराचा दंड माफ व्हावा. त्याऐवजी काही आठवड्यांचं उजळणीचं प्रशिक्षण द्यावं, आणि त्या काळात जेवण्याराहण्यापुरता भत्ता. दंडाने कोणी शहाणं होत नाही, प्रशिक्षणाने होतं.

चौथं, कोणत्याही मालकाने नर्सचं मूळ प्रमाणपत्र ठेवून घेऊ नये. "सोडून जाऊ नये म्हणून" ते अडकवून ठेवण्याचा प्रकार मी एकाहून जास्त ठिकाणी ऐकला आहे. सासरची पेटी आणि मालकाचं कपाट यांत फरक नाही.

पाचवं, माहेरचं नाव असो की सासरचं, नोंदणी क्रमांक एकच राहावा आणि नावातल्या बदलासाठी बाईला पुन्हा खर्चात पाडू नये.

आणि सहावं, त्या दंडावर व्रण असलेल्या बाईसाठी. २०२१ च्या सुधारित नियमांनी राज्यातल्या दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद आणि दर लावणं बंधनकारक केलं आहे. त्याच भिंतीवर आज ड्यूटीवर असलेल्या नर्सचं नाव आणि नोंदणी क्रमांक, मोठ्या अक्षरात, मराठीत लागावा. मग फाइलीत एक आणि वॉर्डात दुसरी हा खेळ चालणार नाही. आया म्हणून नेमून नर्सचं काम करून घेणंही अवघड होईल. ज्या पोरी शिकलेल्या नाहीत त्यांना शिकवणं मालकाला भाग पडेल.

ही शेवटची मागणी मी बैठकीत वाचून दाखवली तेव्हा त्या शेतमजूर बाईने विचारलं, "मला वाचता येत न्हाई, मी काय करू?" उत्तर सिस्टरनेच दिलं. म्हणाली, "विचारायचं. तुमचा नंबर काय सिस्टर, असं विचारायचं. जिच्याकडं असंल ती रागावणार न्हाई."

सिस्टरचं नूतनीकरण झालं. पगार आता नर्सचा आहे, हवा तितका नाही. तिने प्रमाणपत्र पुन्हा काचेत बसवलं, पण ओसरीत न लावता झेरॉक्स ओसरीत आणि मूळ प्रत आमच्या मंडळाच्या कपाटात ठेवली. तिच्यामागून आणखी सात जणींनी आपापले कागद आणून दिले: दोन डीएड, एक शिवणकामाची, एक लॅब टेक्निशियन, बाकीच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. गावोगावच्या मैत्रिणींनी एवढं तरी आजच करावं. पुढच्या वेळी माहेरी आलेली बाई तुमच्यासमोर बसेल तेव्हा भांड्यांची यादी करण्याआधी तिला विचारा, "बाई, तुझे कागद कुठे आहेत?"